मागच्या खोलीतलं नेट

१

पडद्यावर एका अनोळखी बाईचा मेंदू अर्धाच उमटला आणि थांबला. खालचा भाग नुसता काळा.

वहिनी रेडिओलॉजिस्ट होती. घरातल्या मागच्या खोलीत बसून ती हॉस्पिटलातून येणारे तातडीचे स्कॅन बघायची आणि काय दिसतंय ते कळवायची. मेंदूत रक्ताची गुठळी असेल तर एक औषध लगोलग द्यावं लागतं, आणि रक्तस्राव असेल तर तेच औषध जीव घेतं. म्हणून तिकडचे डॉक्टर औषध तयार ठेवून तिच्या उत्तराची वाट बघत होते. इकडे नेट गेलं होतं.

मागच्या खोलीत मोबाईलला रेंज नावालासुद्धा नाही. वहिनी धावत पुढच्या खोलीत गेली, राउटर बंद करून चालू केला, परत धावत आली. नेट आलेलं होतं. तिने स्कॅन पाहिला, गुठळी होती, तसं कळवलं. बाई वाचली, पण तिचा उजवा हात उठेना.

हॉस्पिटलने चौकशी लावली. कागदावर कुणीतरी लिहून टाकलं होतं, ‘डॉक्टर जागेवर नव्हत्या.’

चौकशी लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दादाने बहिणीला फोन केला. “फौजदार, ये बाई. नेट पुन्हा जायला लागलंय आणि तुझी वहिनी जेवत नाहीये.”

२

फौजदार हे तिचं लहानपणचं नाव. साखरेच्या डब्याला कुणी हात लावला हे ती मुंग्यांच्या रांगेवरून सांगायची, तेव्हा बाबांनी ते ठेवलं आणि मग ते चिकटलंच. मोठेपणी तिने धंदाही तसाच निवडला. कारखान्याला, गोदामाला आग लागली की विमा कंपनी तिला पाठवायची, आग कशाने लागली ते शोधायला. राखेत उकिडवं बसून ती तासन्‌तास बघत राही. लोक काय जळलं ते बघत, ती काय जळलं नाही ते बघायची.

ती बॅग घेऊन आली तेव्हा दारातच दादाने पाढा सुरू केला.

“हे बघ, वायफायचे तीन डबे आहेत. बाहेरून लाइन येते ती पुढच्या खोलीतल्या डब्यात. तो मधल्या डब्याला देतो, मधला मागच्याला देतो. हातोहात, विटा पोचवतात तशा. मीच बसवलंय सगळं. एकदम फर्स्ट क्लास!”

“फर्स्ट क्लास आहे म्हणून मला बोलावलंस?”

दादा संगीताच्या शाळेत तबला शिकवायचा. त्याला दुसऱ्याची चूक झटकन ऐकू यायची, स्वतःची जरा उशिरा. “लाइनच खराब असणार,” तो म्हणाला. “नाहीतर वरच्या मजल्यावरच्याने कॅमेरे लावलेत, त्याचा उपद्रव. जाऊ दे, परवा वायरवाला येतोय. सरळ मागच्या खोलीपर्यंत वायर टाकतो. रोग नको, इलाज पण नको.”

“वायर टाकलीस की नेट चालेल,” फौजदार म्हणाली. “पण ते का जात होतं हे कुणालाच कळणार नाही. मग वहिनी चौकशीत काय सांगणार?”



मधल्या खोलीतून बाबा बाहेर आले. एकेकाळी फुलांच्या बाजारात ते लिलाव पुकारायचे. त्यांचा आवाज चार गल्ल्यांपलीकडे ऐकू जायचा आणि घरात कुजबुज कशी करतात हे त्यांना कधी जमलंच नाही. त्यांनी मुलीकडे पाहिलं, हसले, तिच्या डोक्यावर डावा हात ठेवला आणि परत आत गेले.

“बाबा बोलत का नाहीत?” फौजदारने विचारलं.

“आजोबांनी हल्ली शब्दांचं रेशनिंग केलंय,” पुतणी सोफ्यावरून म्हणाली. “हो, नाही, बरं. संपला कोटा.”

सगळे हसले. तेवढ्यात मागच्या खोलीतून वहिनीची किंकाळीसारखी हाक आली. “गेलं! पुन्हा गेलं!”

३

फौजदार धावली, आणि धावता धावता तिने वळून बघितलं. पुतणीच्या मोबाईलवर व्हिडिओ मजेत चालू होता.

मागच्या खोलीत वहिनी हात छातीशी घट्ट धरून बसली होती. पडदा थिजलेला. कोपऱ्यातल्या डब्यावर लाल दिवा. दादा पुढच्या डब्याकडे पळाला, त्याच्या पावलांनी बोळ दणाणला, आणि तो राउटरला हात लावतो न लावतो तोच इकडचा लाल दिवा हिरवा झाला.

“बघ!” दादा लांबून ओरडला. “मी नुसता जवळ आलो तरी घाबरतो!”

वहिनीने स्कॅन उघडला. कुणाच्या तरी बरगडीचा होता, जिवावरचं काही नव्हतं. तरी तिची बोटं थरथरत होती. “वन्सं, मला आता प्रत्येक स्कॅन उघडताना वाटतं की हा अर्धाच येणार,” ती म्हणाली. “कुणीतरी तिकडे वाट बघतंय आणि मी इथे आंधळी बसलेय. डोळे मिटले तरी तो काळा पडदाच दिसतो.”

“त्या दिवशी नेमकं काय झालं? तू पुढे धावलीस, मग?”

“धावले कसली, चवड्यांवर गेले. मधल्या खोलीचं दार लावलेलं होतं, वाटलं बाबा झोपलेत. राउटर बंद केला, चालू केला. तो सुरू होईना लवकर, म्हणून हातातला चष्म्याचा डबा आपटला मी टेबलावर. रागाने. आणि मग परत आले तर नेट होतं.”

फौजदारने कंपनीला फोन लावला. तिकडच्या मुलीने दोनदा तपासून सांगितलं की लाइन कधीच तुटलेली नाही. वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी दार उघडून खिन्न चेहऱ्याने सांगितलं, की कॅमेरे केव्हाच काढले, कारण त्यांत फक्त मांजर दिसायचं. मग तिने दादाकडून मधला आणि मागचा डबा अदलाबदल करवून घेतला. संध्याकाळपर्यंत नेट छान चाललं. दादा मिशीतल्या मिशीत हसायला लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, फौजदार जरा बाहेर गेली असताना, ते पुन्हा गेलं, पुन्हा मागच्याच खोलीत.

४

डबा बदलला तरी दोष जागचा हलला नव्हता. म्हणजे डबा निर्दोष. पुढच्या खोलीत नेट चालू राहतं, म्हणजे लाइन निर्दोष. उरली ती मधल्या आणि मागच्या डब्यामधली वाट. त्या वाटेवर काहीतरी आडवं येत होतं, आणि आपणहून बाजूला होत होतं.

पहिला संशय पुतणीवर गेला. तिच्या मोबाईलवर घरातलं नेट चालू-बंद करण्याचं ॲप होतं, हे फौजदारने तिच्या खांद्यावरून हळूच पाहिलं होतं.

“आत्या, शपथ!” पुतणी रडकुंडीला आली. “एकदा फक्त आईचा मोबाईल बंद केला होता. ती सारखी ‘कुठे आहेस, कुठे आहेस’ करत होती म्हणून. तिचं कामाचं मशीन मी बंद करीन का? त्या बाईचं कळल्यापासून मला झोप नाही.”

ते खरं होतं. शिवाय फौजदार आल्यापासून नेट दोनदा गेलं, तेव्हा पहिल्यांदा ती समोरच व्हिडिओ बघत होती आणि दुसऱ्यांदा कॉलेजात परीक्षेला, मोबाईल बाहेर जमा करून. स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह फौजदारने नुसत्या पाण्याची वाटी ठेवून फिरवून बघितला. हिरवा दिवा हलला नाही.

“बरं, नेट कधी जातं?” तिने सगळ्यांना विचारलं. “वेळ नका सांगू. घरात काय चाललेलं असतं ते सांगा.”

दादा विचार करून म्हणाला, “गंमत आहे. रविवारी सगळे घरात असतो, सगळ्यांचे मोबाईल चालू, तेव्हा मात्र कधी जात नाही. पाहुणे असले तरी नाही.”

“म्हणजे गर्दीत चालतं आणि सामसुमीत जातं. उलटंच की.”

दादाने तिला बाल्कनीत नेलं आणि आवाज खाली आणला. “एक बोलू? मला बोलवत नाहीये. नेट जातं तेव्हा मी शाळेत, पोरगी कॉलेजात. तू आलीस तो दिवस सोडला तर दर वेळी घरात ती एकटीच असते. ती थकलीय, फौजदार. फार थकलीय. माणूस थकला की... म्हणजे तिने मुद्दाम केलं असं नाही म्हणत मी. पण तीच जर प्लग काढत असेल तर?”

फौजदारने मागे वळून पाहिलं. बाल्कनीच्या दारात वहिनी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

५

वहिनी रडली नाही, हे जास्त वाईट होतं. ती म्हणाली, “मलाही तसं वाटायला लागलंय. माझाच हात लागत असेल. माझंच डोकं ठिकाणावर नसेल. वन्सं, तुम्ही तपासा. मी असले तर मीच होते असं लिहून देईन.” आणि ती आत जाऊन बसली.

दादा कपाळाला हात लावून उभा राहिला. फौजदार मात्र त्याच्या एका शब्दापाशी अडकली होती. आगीनंतर सगळे सांगतात, गोदामात कुणी नव्हतं. मग कुठेतरी कोपऱ्यात अर्धा प्यायलेला चहाचा कप सापडतो.

“दादा,” ती म्हणाली, “घरात ती एकटीच असते म्हणालास. आणि बाबा?”

“बाबा असतातच की. बाबा काय...”



माणूस घरात असतो आणि मोजणीत नसतो, तसं झालं होतं. मधला डबा बाबांच्या खोलीत होता, भिंतीतल्या फळीवर. ती आली त्या दिवशी बाबा आत गेले, दार लागलं, बाहेर सगळे त्यांच्या न बोलण्यावर हसले, आणि पाठोपाठ नेट गेलं. दादा दणदण पाय वाजवत धावला तेव्हा ते आलं. वहिनी चवड्यांवर गेली तेव्हा नाही, चष्म्याचा डबा आपटला त्यानंतर आलं. राउटरला हात लावण्याचा त्याच्याशी संबंधच नव्हता. कुणीतरी चाहूल लागली की थांबत होतं.

बाबा! पण कशासाठी? सुनेवर त्यांचा जीव होता. तिच्या शिक्षणाची फुशारकी ते बाजारभर मारायचे. ते तिचं नेट कशाला तोडतील? आणखी काही गोष्टी तिला आता आठवायला लागल्या होत्या, आणि त्या नेटच्या नव्हत्या. डोक्यावर ठेवलेला डावा हात. उजव्या गालावर दाढी करताना झालेल्या चिरा. सदऱ्याचं एक सुटलेलं बटण. जेवताना त्यांनी मिठाकडे बोट दाखवलं होतं, मागितलं नव्हतं.

“दादा, पोरीला घेऊन बाहेर जा. मोठ्याने सांगून जा, फौजदारलाही नेतोय म्हणून. वहिनीला मी सांगते. आणि मोबाईल हातात ठेव.”

६

दार धाडकन लागलं. घर शांत झालं. फौजदार अनवाणी मागच्या खोलीत वहिनीशेजारी बसून डब्याकडे बघत राहिली. हिरवा. हिरवाच. वहिनीच्या श्वासाचा आवाज येत होता.

लाल!

फौजदार उठली. बोळातून एकेक पाऊल टाकत मधल्या खोलीच्या दाराशी आली. आतून आवाज येत होता. बाबांचा आवाज, पण कुजबुजता, ज्यांना कुजबुजता येत नव्हतं त्यांचा.

“एक वार... दोन वार...” मग थांबले. “दोन वार... दोन... ति... ते...” मग एक घुसमटलेला हुंकार. पुन्हा पहिल्यापासून. “एक वार...”

तिने दार ढकललं.

फळीशेजारचं लोखंडी कपाट सताड उघडं होतं. त्याचं रुंद दार पूर्ण वळून फळीसमोर आलं होतं, आणि वायफायचा डबा त्याच्याआड अगदी झाकून गेला होता. दाराच्या आतल्या बाजूला उभा आरसा होता. त्या आरशासमोर स्टूल घेऊन बाबा बसले होते, स्वतःच्या ओठांकडे टक लावून. ओठांचा उजवा कोपरा खाली ओघळला होता.

आरशात त्यांना मुलगी दिसली. त्यांनी घाईने दार लोटायला उजवा हात उचलला. हात अर्ध्यावर आला आणि मांडीवर पडला, जसा दुसऱ्या कुणाचा असावा.

“बाबा, कधीपासून?”

ते बराच वेळ शब्द शोधत राहिले. मग डाव्या हाताने तोंडाकडे, मग उजव्या हाताकडे बोट दाखवत म्हणाले, “जातं... येतं. जातं... येतं.”

“वहिनी!” फौजदार आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या मोठ्याने ओरडली.

वहिनी आली, आणि तिची सगळी थरथर दारातच गळून पडली. तिने बाबांना हसायला सांगितलं, दोन्ही हात वर करायला सांगितले, हनुवटी धरून डोळ्यांत पाहिलं. “छोटे झटके आहेत,” ती म्हणाली. “येतात, जातात, म्हणून माणसाला वाटतं बरं झालं. ही मोठ्याची वर्दी असते. वन्सं, तुमच्या दादांना गाडी वळवायला सांगा. आत्ता. बाबा, मी आहे ना. आडवे व्हा बघू.”

७

हॉस्पिटलच्या बोळात दादा भिंतीला टेकून उभा होता. “पण मला अजून कळलं नाही,” तो म्हणाला. “कपाटाच्या दाराने नेट कसं जाईल?”

“तुझा मागचा डबा आधीच धापा टाकत होता. मधे बाथरूम, दोन जाड भिंती. मधल्या डब्याचं कसंबसं पोचत होतं तेवढंच. त्याच्या तोंडावर लोखंडाचं दार आणि वर आरसा, म्हणजे ताट झाकल्यासारखं. पुढच्या बाजूला मोकळं, म्हणून पुढे सगळं ठीक. गर्दीत नेट जात नव्हतं, कारण गर्दीत बाबा कपाट उघडत नव्हते. त्यांना कुणी बघायला नको होतं. मी आले त्या दिवशी मात्र आपण हसलेलं त्यांनी ऐकलं आणि त्यांना राहवलं नाही.”

“आपल्याला सांगायचं ना!”

“भिंतीपलीकडे वहिनी काय बोलते ते त्यांना ऐकू जातं. त्या बाईच्या हाताचं त्यांनी ऐकलं असणार. सुनेला आणखी एक हात कुठे दाखवायचा, असं झालं असेल त्यांना.”

दादा खाली बसला. “मी ती वायर टाकून मोकळा झालो असतो तर...”

“तर नेट कधीच गेलं नसतं, आणि बाबांच्या दाराशी कुणी गेलंही नसतं,” फौजदार म्हणाली.

बाबांच्या मानेतली रक्तवाहिनी जवळजवळ बुजली होती. त्यांचा स्कॅन वहिनीने बघायचा नाही असा नियम होता; ती दाराबाहेर उभी राहून नखं खात होती, इतर कुठल्याही पेशंटच्या सुनेसारखी. दुसऱ्या डॉक्टरने बाहेर येऊन सांगितलं की वेळेत आणलंत, रक्तवाहिनी मोकळी करता येईल. तेव्हा कुठे वहिनी तिथल्या बाकावर ओणवी होऊन रडली.

ऑपरेशन नीट पार पडलं. पण अजून चौकशी समोर होती. वहिनीच्या नावावरचा डाग पुसायचा तर कारण लिहून द्यावं लागणार होतं, आणि कारण म्हणजे कपाटाचं दार होतं. म्हणजे त्या बाईच्या हाताची वाट शेवटी बाबांच्या खोलीतूनच जात होती. वहिनी म्हणाली, “नकोच. मी घेते माझ्यावर. त्यांना या वयात हे ऐकवायचं?” दादा म्हणाला, “लिहू, पण त्यांना कळू द्यायचं नाही.” फौजदारने आयुष्यभर शेकडो लोकांना त्यांच्या आगीचं खरं कारण सांगितलं होतं. कुणाच्या विझवायच्या राहिलेल्या विडीने गोदाम गेलं हेसुद्धा तिने तोंडावर सांगितलं होतं. आता आपल्या बापाला सांगायची वेळ आली होती.

ती खोलीत गेली तेव्हा बाबा उशीला टेकून बसले होते. मानेवर पट्टी. ओठांचा कोपरा जवळपास जागेवर आला होता. ते तिच्याकडे बघत राहिले, तिचं बोलणं लांबतंय हे बघत राहिले, आणि मग स्वतःच म्हणाले, “क... कपाट?”

तिने मान हलवली. मग पलंगाच्या कडेवर बसून सगळं सांगितलं, एकही गोष्ट न गाळता. डबा, दार, आरसा, ती दुपार, ती बाई.

बाबांनी डोळे मिटले. मिटलेल्या पापण्यांखालून पाणी वाहत उशीत गेलं. ते पुसायला ती पुढे झाली तर त्यांनी तिचा हात बाजूला केला. त्यांचे ओठ हलायला लागले. शब्द गोळा व्हायला फार वेळ लागत होता. फौजदारला वाटलं, ते आता स्वतःला शिव्या देणार, किंवा विचारणार की आपल्याला आणलंच कशाला.

“सूनबाईला...” ते म्हणाले, “आधी... सांग. तिचा... दोष नाही.”

“सांगते, बाबा.”

“आत्ता,” ते म्हणाले, आणि तिला डाव्या हाताने दाराकडे ढकललं. “आणि तू... लिही. जसं झालं... तसं.”

वहिनी बाहेर बोळात उभी होती. फौजदारने तिला हाताला धरून आत आणलं.